वजनकाट्याच्या अलीकडे

२ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी मला बक्षीस मिळाली आहे. गेल्या वर्षी आमच्या भंगार संकलन केंद्राने, जिथे मी वजनकाटा सांभाळते, सगळ्यांत जास्त भंगार क्रशरमध्ये, म्हणजे चिरडायच्या यंत्रात, घातलं म्हणून. डायरी खोक्यात, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी चकचकीत कागदात आणि वर जाळीची फीत. बक्षीस देणारं खातं कुठलं, तर कचरा खातं! सगळं उलगडून झालं तेव्हा टेबलावर डायरीपेक्षा तिचे कपडेच जास्त होते. मी साहेबांना तिथेच म्हटलं, "हे काट्यावर टाकू का? यंदाच्या आकड्यात धरता येईल." साहेब खो खो हसले. माझं बोलणं त्यांना विनोद वाटतं, म्हणून माझी नोकरी आजवर टिकली आहे.

डायरी लिहायची सवय नाही, पण घरात बोलायला कुणी नाही. म्हणजे हे आहेत, पण बोलत नाहीत. कंपनीने कारखाना दुसरीकडे हलवला. यंत्रं ट्रकमधून गेली, माणसं इथेच राहिली, त्यांत हे एक. आयुष्यभर इस्त्र्या तपासल्या. पट्ट्यावरून आलेली प्रत्येक इस्त्री उचलायची, दोष शोधायचा आणि सापडला की बाजूला फेकायची. आता दिवसभर खुर्चीत बसून छताचा पंखा बघतात आणि त्यातले दोष शोधतात. ते संपले की माझे. चहा कोमट आहे, कॅलेंडर तिरकं आहे, मी पाय घासत चालते. दाढी कधी केली होती ते त्यांनाही आठवत नसेल.

आज कपाट आवरताना त्यांच्या कारखान्यातल्या गुलाबी स्टिकरांचा एक रोल सापडला. 'तपासले. दोष नाही. तपासनीस ७.' सात हा यांचा नंबर. म्हटलं, "आता हा कशाला ठेवायचा? टाकून देते." त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खिशात घातला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

डबा घरी विसरले. दुपारी बघते तर हे डबा घेऊन केंद्राच्या गेटवर! मला इतका राग आला की काय सांगू. महिनाभर दारात कोण आलंय ते बघायला उठत नाहीत आणि आज एवढ्या उन्हात चालत आले, डोक्यावर टोपी नाही.

डबा दिला तरी हलेनात. भंगाराच्या ढिगापाशी उभे राहिले. एक टेबलफॅन उचलला, पातं फिरवून पाहिलं, वायर वास घेतल्यासारखी नाकापाशी नेली. मग म्हणाले, "यात दोष काय आहे?"

माल वेगळा करणाऱ्या मामी तिथेच होत्या. मामी म्हणजे केंद्र सुरू झाल्यापासून इथे आहेत, मला काम त्यांनीच शिकवलं. त्या म्हणाल्या, "दोष कसला हो? घरात नवा आला असेल. आता ठेवा तो खाली, वजन झालंय त्याचं."

मग मला यांना कायदा सांगावा लागला. कायदा सरळ आहे. वस्तू एकदा काट्यावर चढली की ती कचरा. कचरा झाली की तो खात्याचा. आणि खात्याचा कचरा केंद्रातून बाहेर जायचा एकच रस्ता, क्रशरमधून. कुणी चांगला स्क्रूसुद्धा उचलून नेला तरी ती चोरी.

"आणि काट्यावर चढायच्या आधी?" यांनी विचारलं.

"आधी काही नाही. गेट, मग काटा."

"तपासणी नाही?"

"तपासायचं काय? कचरा आहे तो."

"तपासल्याशिवाय कसं कळलं?" असं म्हणून घरी गेले. सगळ्यांत दोष काढायचे, बस.

११ फेब्रुवारी, बुधवार

आता रोज येतात. डबा मी मुद्दाम सोबत घेऊन गेले तरी येतात. गेटबाहेरच्या झाडाखाली, काट्याच्या अलीकडे, जुना दरवाजा दोन पिंपांवर आडवा टाकून टेबल केलंय. लोक भंगार घेऊन आले की आधी यांच्यापुढे थांबतात. मी म्हटलं, बसू दे, घरातल्या पंख्याला तेवढीच विश्रांती.

आज दुरुस्तीचा शुभारंभ झाला. एक मिक्सर उघडला, काहीतरी जोडलं आणि आमच्या ऑफिसच्या बोर्डात पिन खोचली. फाट्कन आवाज आणि केंद्रभर अंधार. क्रशर बंद, काटा बंद, माझा टेबलावरचा पंखा बंद. साहजिकच आहे, यांना दोष शोधता येतो, काढता येत नाही. जन्मात कधी पान्हा धरला नव्हता. मी चारचौघांत भरपूर सुनावलं.

मामी मात्र खूश. म्हणाल्या, "बाई, क्रशर गप्प झाला तर पाखरं ऐकू आली."

आज यांनी दाढी केली होती. गालाला साबण तसाच राहिला होता, तोही मी सांगितल्यावर पुसला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एक बाई मिक्सर टाकायला आली. भांडं गळतं म्हणे. यांनी पाहिलं, भांड्याखालची रबराची चकती वाळली होती. तेवढीच बदलायची. मिक्सरवर गुलाबी स्टिकर चिकटवून परत दिला. बाईने तो असा कडेवर घेतला की बघत राहावं. आल्या पावली घरी.

आता लोक स्टिकरसाठीच येऊ लागले आहेत. ज्यात खरंच काही राहिलं नाही ते हे काट्याकडे पाठवतात, बाकीचं परत. ज्याला थोडं काम हवं ते शेजारचा सायकलवाला करून देतो, मामी हाताशी असतात. यांनी स्वतः पान्हा धरायचा नाही, असं मी बजावलंय. तरी परवा एक पंखा जोडलाच. तो उलटा फिरतो. ज्याचा होता तो म्हणाला, "असू दे काका, भिंतीकडे तोंड करून ठेवीन."

लेकीचा फोन आला होता. ती नोकरीसाठी दूर असते. म्हणाली, "आई, बाबा आज फोनवर हसले गं." म्हटलं, लाईन खराब असेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साहेब आले. थेट काट्याच्या खोलीत.

"मॅडम, आकडा घसरलाय."

"लोक कमी टाकतायत, साहेब."

"कमी का टाकतायत?"

"बाहेर माझा नवरा बसलाय म्हणून."

या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "वर्षअखेर जवळ आली आहे. आपल्याला मोजतात ते पुनर्चक्रणाच्या वजनावर. न टाकलेल्या मिक्सरचं वजन मी वर कुठल्या रकान्यात दाखवू?"

"पण साहेब, टाकलाच नाही हे जास्त चांगलं ना?"

"चांगलं असेल, पण मोजता येत नाही."

रात्रभर उत्तर शोधत बसणाऱ्यांतली मी नाही, पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. मोजता येत नाही म्हणून नको? लेकीला न झालेले आजार मला मोजता येत नाहीत, म्हणून काय लस टोचली नव्हती?

साहेब जाताना नव्या कायद्याचा मसुदाही टाकून गेले. कचऱ्याचा कायदा बदलतायत. जाडजूड बाड आहे. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'कचरा होऊच नये यास प्रोत्साहन'. मी खूश होऊन पुढे वाचत गेले. शेवटच्या पानापर्यंत ते प्रोत्साहन पुन्हा भेटलं नाही. आत सगळीकडे वजनच वजन. उद्दिष्ट वाढवलंय, कमी पडणाऱ्या केंद्राला दंड. म्हणजे लोकांनी जास्त टाकलं तर आमचं कौतुक, आणि टाकणं थांबवलं तर आम्ही गुन्हेगार.

मसुद्यावर हरकती मागवल्या आहेत. १२ मार्चला समितीपुढे सुनावणी. मी माझं नाव घातलं. मामी म्हणाल्या, "बाई, नोकरी जाईल." म्हटलं, जाऊ दे. खरं तर तसं वाटत नव्हतं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

४ मार्च, बुधवार

आज जे पाहिलं ते लिहायला हात धजत नाही.

दुपारी एक भला मोठा ट्रक गेटवर आला. ड्रायव्हरने ताडपत्री सोडली. आत खोकी, एकावर एक, सील न तोडलेली. मी म्हटलं, "पत्ता चुकलात. दुकानं पलीकडच्या रस्त्याला."

तो म्हणाला, "नाही बाई, इथलाच माल. कचरा आहे. तुमच्या साहेबांनीच सांगितलंय."

खोकं उघडलं. आत इस्त्री. कोरी करकरीत, वायरीला कागदाचा पट्टा तसाच. यांच्या कंपनीची. बंद कारखान्याच्या गोदामात राहिलेला जुन्या मॉडेलचा माल. कायद्याने कंपनीला दरसाल इतकं वजन पुनर्चक्रणाला दिल्याचं दाखवावं लागतं. लोकांकडून जुन्या इस्त्र्या गोळा करत कोण हिंडणार? त्यापेक्षा नव्याच चिरडायला पाठवल्या की वजन भरतं. कंपनीचा आकडा पूर्ण, साहेबांचा आकडा पूर्ण. कायद्याच्या एका अक्षराला धक्का नाही.

हे टेबलावरून उठून आले. इस्त्री हातात घेतली, सवयीने उलटी केली. तळाशी गुलाबी स्टिकर होता. तपासनीस ७. दुसरं खोकं काढलं. सात. तिसरं काढलं, तेही सात. मग त्यांनी चौथं उघडलं नाही.

"ही पास केली होती मी," म्हणाले. माझ्याकडे बघतही नव्हते. "सगळ्या पास केल्या होत्या."

लगेच घरी निघून गेले. टेबल तसंच सोडून. मला वाटतं ऊन लागलं असावं.

५ मार्च, गुरुवार

सकाळी साहेबांचा फोन. "ट्रक काट्यावर घ्या."

मी म्हटलं, "साहेब, काटा बिघडलाय."

"काल तर चालू होता."

"काल चालू होता."

तासाभरात स्वतः हजर. काट्याच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या पदरात. आता खोटं बोलणंही जिवावर आलं होतं, म्हणून सरळ सांगितलं. "काटा बिघडलेला नाही. मी बंद केलाय. काट्यावर चढत नाही तोवर ही इस्त्री आहे. चढली की कचरा होईल. मी चढू देणार नाही."

"मॅडम, हा माल तुमच्या मिस्टरांच्या कंपनीचा आहे म्हणून तुम्ही भावनेच्या भरात..."

"भावना नाही, साहेब. राग आहे."

लेखी आदेश देतो म्हणाले. द्या म्हटलं. ट्रक गेटवरच उभा आहे. ड्रायव्हर झाडाखाली झोपतो, मामी त्याला चहा देतात.

हे आज आलेच नाहीत. परत खुर्ची आणि पंखा. मी गेटवर एवढी लढते आहे आणि यांना त्याचं काही नाही. जेवताना म्हणाले, मीठ जास्त झालंय.

९ मार्च, सोमवार

कायदा खात्यातून एक मुलगी आली होती. मसुदा लिहिणाऱ्यांतली. चष्मा, पाठीला पिशवी, पायात मळके बूट. नुसते प्रश्न. लोक गेटवर काय म्हणतात? 'टाकायचंय' म्हणतात की 'द्यायचंय' म्हणतात? टेबल काट्याच्या नेमकं कुठे असतं? एकच गोष्ट तीन तीनदा विचारते. मला अडकवायला साहेबांनीच पाठवली असणार, मी सगळं ओळखून आहे.

मी तिला चहासुद्धा विचारला नाही. मामींनी दिला.

जाताना म्हणाली, "मॅडम, सुनावणीला येताना काकांना घेऊन या."

मी म्हटलं, "ते बोलत नाहीत."

घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "येतो." कुणी परक्याने बोलावलं की लगेच येतो!

१२ मार्च, गुरुवार

सुनावणी झाली. पार वाट लागली.

पिशवीत ट्रकमधली एक इस्त्री घेऊन गेले होते. ड्रायव्हरला मागितली तर तो म्हणाला, "सगळ्याच मोडायच्यात, एक काय, दहा न्या." मोठं सभागृह, उंचावर समितीची लांब मेज, खाली आम्ही हरकतवाले. माझ्या आधी कंपन्यांच्या संघटनेचे वकील तास घेऊन गेले. माझी पाळी आली तेव्हा अध्यक्षबाई घड्याळाकडे बघत होत्या.

मी इस्त्री मेजावर ठेवली. म्हटलं, "ही नवी आहे. तुमच्या कायद्याने ही कचरा आहे, आणि उद्या हिचा चुरा केला की कंपनी शहाणी ठरणार आणि माझं केंद्र पहिलं येणार. मला पहिलं यायचं नाही."

एक सदस्य म्हणाले, "बाई, तुमची भावना पोचली. पण जो कचरा झालाच नाही त्याचं मोजमाप कायद्यात कसं बसवायचं?"

तोच प्रश्न! डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "बसत नसेल तर कायदा मोठा करा. त्यासाठीच बसला आहात ना सगळे?" मागे लोक हसले, सदस्यांचा चेहरा पडला. संपलं, म्हटलं.

आणि मग हे उभे राहिले. यादीत नाव नाही, कुणी विचारलेलं नाही.

"या मसुद्यात दोष आहे," म्हणाले.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपण कोण?"

"तपासनीस. तुम्ही काटा आधी ठेवलाय. आमच्याकडे तपासल्याशिवाय कुठलीच वस्तू पुढे जात नसे. पास की नापास, हे आधी. वजन नंतर. तुमच्याकडे तपासणीचं टेबलच नाही. म्हणून सगळंच नापास होतंय. माणूस ठेवा तिथे. किती पास झाली ते तो मोजेल. हेच तर मोजायचंय तुम्हाला."

इथे बसायचं ना खाली! नाही. पुढे म्हणाले, "आणि तुमच्या डोक्यावरच्या पंख्याचा एक बोल्ट ढिला आहे. या माईकची वायर आत तुटत आली आहे. ही खुर्चीसुद्धा डुगडुगते." सगळं सभागृह हसायला लागलं. अध्यक्षबाईंनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं आणि खुर्ची हळूच सरकवली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ती चष्मेवाली मुलगी तेवढी हसत नव्हती, खाली मान घालून लिहीत होती.

येताना मी यांच्या चार पावलं पुढे चालत होते. एवढं माझं भाषण, त्यावर यांनी पंख्याचा बोल्ट फिरवला. हे मात्र वाटेत चक्क गुणगुणत होते.

१४ मार्च, शनिवार

ट्रक नाही.

सकाळी गेट उघडलं तर रस्त्यावर फक्त चाकांच्या खुणा. साहेबांनी तो शेजारच्या केंद्रावर पाठवला. तिथे रात्रीच काट्यावर चढला आणि रात्रीच क्रशरमधून गेला. ड्रायव्हर सांगायला मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. मामींपुढे म्हणाला, "खोकीसुद्धा काढली नाहीत हो."

मी संध्याकाळी यांना सांगितलं. पंख्याकडे बघत होते, बघतच राहिले. मग म्हणाले, "सगळ्या?"

घरात एक उरली आहे, सुनावणीला नेलेली. मी ती कपाटात मागे ठेवली, त्यांना दिसू नये म्हणून. मला रडू येत नाही सहसा. आज आलं, आणि ते भांड्यांच्या आवाजात नीट लपलं.

माझ्या टेबलावर 'कारणे दाखवा' नोटीस येऊन पडली आहे. काटा बंद ठेवला, गेटवर विनापरवाना टेबल चालू दिलं, मालातली इस्त्री नेली. तिन्ही आरोप खरे आहेत. आणखी चार घातले असते तरी मी नाही म्हटलं नसतं.

१९ मार्च, गुरुवार

सस्पेंड. गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम आहे. मामींनी माझा पेला आणि चप्पल घरी आणून दिली आणि खात्याच्या नावाने बोटं मोडली.

२ एप्रिल, गुरुवार

दोन खुर्च्या, एक पंखा. पंखा फिरताना तिसऱ्या फेरीला टक् करतो. मला इतके दिवस ऐकू आलं नव्हतं.

२४ एप्रिल, शुक्रवार

नवा कायदा मंजूर झाला! मामी वर्तमानपत्र घेऊन धावत आल्या. मी कलमं शोधत गेले आणि एका पानावर थांबले. 'कोणतीही वस्तू वजन करण्यापूर्वी तपासली जाईल. वापरण्याजोगी अथवा दुरुस्त होण्याजोगी वस्तू कचरा समजली जाणार नाही. अशा वस्तूंची संख्या केंद्राच्या उद्दिष्टात धरली जाईल.' आणि पुढे, न विकलेला नवा माल कुठल्याही कंपनीला वजनात दाखवता येणार नाही. प्रत्येक केंद्रावर काट्याच्या अलीकडे एक टेबल आणि एक तपासनीस.

मी ओरडलेच. "अहो, माझं कलम! माझं भाषण वाया गेलं नाही!"

हे वर्तमानपत्र घेऊन दोनदा वाचत बसले. म्हणाले, "छपाई पुसट आहे." मग उठून आरशापुढे दाढी करायला गेले, भर दुपारी. काय माणूस आहे!

त्यात एकच मेख आहे. कायदा पुढच्या वर्षापासून लागू. तोवर जुना चालू. म्हणजे मी जे केलं तो अजून गुन्हाच आहे.

२७ एप्रिल, सोमवार

साहेब घरी आले. हातात फुलं नव्हती, एक कोरा कागद होता.

"मॅडम, आपलं केंद्र नव्या कायद्याचा नमुना म्हणून दाखवायचं ठरलंय. वरून लोक बघायला येणार. तुम्ही असायला हव्यात. फक्त दोन ओळी द्या. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, पुन्हा असं होणार नाही. मी लगेच फाईल बंद करतो."

"आणि त्या इस्त्र्या?"

"त्या गेल्या. आता त्यांचं काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण साहेबांना चहा दिला. त्यांनी तो निमूटपणे प्याला. उद्यापर्यंत कागद द्या म्हणाले.

ते गेल्यावर मी कागद पुढे घेऊन बसले. खरं सांगायचं तर, मला माझी नोकरी परत हवी आहे. मामी हव्यात, गेट हवंय, सकाळी येणारी माणसं हवीत. दोन ओळीच तर आहेत, लिहून काय बिघडतं? शाईने 'मी' लिहिलं. पुढे हात चालेना. खेद आहेच मला. ट्रक रोखला याचा नाही, तो रात्री माझ्या नजरेआडून गेला याचा. तो खेद साहेबांच्या कागदात बसणारा नव्हता.

"अहो," म्हटलं, "काय लिहू?"

त्यांनी कागद घेतला. उजेडाकडे धरला, उलटा केला, पाठ बघितली, कडेवरून बोट फिरवलं. पट्ट्यावरून आलेल्या वस्तूकडे बघतात तसं. मला वाटलं आता म्हणतील, 'मी'ची वेलांटी वाकडी आहे. त्यांनी खिशातून रोल काढला. एक स्टिकर सोलला आणि माझ्या 'मी'च्या शेजारी चिकटवला. अंगठ्याने नीट दाबला.

तपासले. दोष नाही. तपासनीस ७.

मी स्टिकरवरून बोट फिरवलं. मग म्हटलं, "इतकी वर्षं झाली लग्नाला. माझ्या चहाला कधी हा चिकटवला नाहीत."

"चहा कोमट असतो," म्हणाले.

२८ एप्रिल, मंगळवार

सकाळी कपाटातली ती इस्त्री काढली. यांच्या देखत. माझे ऑफिसचे कपडे तिनेच केले. लागलीच तापते, एक सुरकुती ठेवत नाही. हे बाजूला उभे राहून बघत होते. एकही दोष काढला नाही.

मुख्य कार्यालयात आवक खिडकीवर कागद दिला. कारकून बराच वेळ बघत राहिला.

"हे काय?"

"खुलासा."

"यात काहीच लिहिलेलं नाही."

"लिहिलंय की. वाचा."

त्याने वाचलं. "खाली सही?"

"तपासनिसाचा नंबर आहे. तोच चालायचा त्यांच्या कारखान्यात."

त्याने शेजारच्याला दाखवला, शेजारच्याने त्याच्या शेजारच्याला. शेवटी ठप्पा मारून पोच दिली, काय करणार बिचारा. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी मुद्दाम त्यापुढून, पाय घासत गेले.

बाहेर हे उभे होते, हातात डबा. "उशीर केलास," म्हणाले. आम्ही केंद्राकडे निघालो. मला गेटच्या आत जायला बंदी आहे. झाड गेटच्या बाहेर आहे. मामींनी दरवाजा पुसून पिंपांवर ठेवलेला होता आणि कुणीतरी एक टेबलफॅन घेऊन आधीच येऊन थांबलं होतं. यांनी तो उचलला, मी शेजारच्या सायकलवाल्याकडून दुसरी खुर्ची मागून आणली.